पदाचा पत्ता आणि व्यक्तीचा पत्ता

शाळेचे टपाल 'मुख्याध्यापक' या पदनामाने येते. मुख्याध्यापकांची बदली झाली तरी टपालाची वाट चुकत नाही, कारण पत्ता पदाचा असतो, व्यक्तीचा नव्हे. ई-मेलच्या व्यवहारात हेच कार्य 'एलिअस', म्हणजे पर्यायी पत्ता, करीत असतो.

विद्यार्थ्यांच्या मंडळांस याची विशेष गरज भासते. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील विद्यार्थ्यांनी १९८९ साली 'ओपन कॉम्प्युटिंग फॅसिलिटी' ही संस्था स्थापिली. तिचे संगणक विद्यार्थी स्वयंसेवकच सांभाळतात. अशा संस्थांत शिक्षण पुरे होताच चालक बाहेर पडतात. यास्तव बाहेरच्यांस व्यक्तीचा पत्ता न देता 'खजिनदार', 'चिटणीस' असे पदाचे पत्ते देणे हिताचे ठरते.

याची योजना सोपी आहे. याच बर्कलीत एरिक ऑलमन यांनी 'सेंडमेल' ही प्रणाली रचली. ती १९८३ साली प्रसृत झाली. तीत 'एलिअसेस' नावाची एक फाईल असते. प्रत्येक ओळीत डावीकडे पर्यायी नाव, मध्ये अपूर्णविराम व उजवीकडे ज्यांस पत्र पोहोचवावयाचे त्यांचे पत्ते लिहितात. पत्र येताच सर्व्हर डावे नाव शोधतो आणि उजवीकडील प्रत्येकास प्रत पाठवितो. फाईल बदलल्यावर 'न्यूएलिअसेस' ही आज्ञा द्यावी लागते. अन्यथा पत्रे जुन्याच यादीप्रमाणे जात राहतात.

व्यवस्थेत दोष शिरतो तो दुर्लक्षामुळे. बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याचे खाते बंद झाले आणि यादीत मात्र त्याचेच नाव राहिले, तर पत्र पाठविणाराकडे परत जाते. खाते चालू असेल तर त्याहून वाईट. मंडळाचा खाजगी व्यवहार अधिकार संपलेल्या व्यक्तीच्या हाती पडत राहतो. 'अ'ची पत्रे 'ब'कडे व 'ब'ची पुन्हा 'अ'कडे वळविली, तर ती कोणासही मिळत नाहीत.

म्हणून पुढील दक्षता घ्यावी. प्रत्येक पदनामापुढे निदान दोन व्यक्ती असाव्यात. नवे पदाधिकारी येताच यादी तपासावी व प्रत्येक पत्त्यावर एक परीक्षापत्र धाडून पाहावे. 'पोस्टमास्टर' हा पत्ता कधीही रद्द करू नये. तक्रार ऐकण्यासाठी तो चालू असलाच पाहिजे, असा दंडक इंटरनेटच्या टपालनियमांत १९८२ सालापासून आहे.

शाळेचा ई-मेल एखाद्या शिक्षकाच्या खाजगी खात्यावर चालत असेल, तर बदलीच्या दिवशी हाच प्रश्न उभा राहील. कपाटाच्या किल्ल्या व दप्तर जसे यादी करून सोपविले जाते, तसाच शाळेचा पत्ताही कार्यभाराबरोबर सोपविला जावा, हे इष्ट होय.