कळा, घड्याळ आणि दवाखान्याचे अंतर

पावसाळा सुरू झाला की मेळघाट, धडगाव, मोखाडा किंवा भामरागड या भागांतून एक बातमी हमखास येते आणि तिचा तपशील वाचकांना आता वेगळा सांगावा लागत नाही : रस्ता वाहून गेलेला, गरोदर स्त्री बांबूच्या झोळीत आणि बाळंतपण वाटेतच. त्यानंतरची चर्चा रस्ते, पूल आणि रुग्णवाहिका यांभोवती फिरते, आणि ती व्हायलाच हवी. परंतु झोळी घरातून निघाली केव्हा, कळा सुरू झाल्याचे प्रथम कोणाच्या लक्षात आले आणि निघण्याचा निर्णय कोणी घेतला, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. प्रसूतीची लक्षणे सांगणारी माहितीपत्रके बहुधा दवाखाना हाकेच्या अंतरावर आहे असे गृहीत धरून लिहिलेली असतात, आणि दोष नेमका तिथे आहे.

पहिला घोटाळा तारखेचा असतो. माता-बाल संरक्षण कार्डावर लिहिलेला प्रसूतीचा अपेक्षित दिनांक शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात २८० दिवस मिळवून काढला जातो. जर्मन प्रसूतितज्ज्ञ फ्रान्झ नेगेले यांच्या नावाने ओळखला जाणारा हा हिशेब दोनशे वर्षांपासून वापरात आहे. तो अंदाज आहे. नेमक्या त्या दिवशी जन्मणारी बाळे शंभरात चार-पाचच असतात, आणि ३७ आठवडे पूर्ण झाल्यानंतर कळा केव्हाही सुरू होऊ शकतात. तरीही अनेक घरांत तारखेवर इतका भरवसा असतो की, दोन आठवडे आधी पोट दुखू लागले तर ते गॅसचे किंवा दगदगीचे समजून अंगावर काढले जाते.

शेवटच्या काही आठवड्यांतील बदल पूर्वतयारीचे असतात. बाळाचे डोके ओटीपोटात उतरल्याने श्वास मोकळा होतो, पण लघवीला वारंवार जावे लागते. पहिलटकरणीत हा बदल दोन ते चार आठवडे आधी दिसतो, तर आधी बाळंत झालेल्या स्त्रीत तो पुष्कळदा कळांबरोबरच होतो. गर्भपिशवीचे तोंड, म्हणजे गर्भाशयमुख, मऊ होऊ लागले की त्यात बसलेला चिकट स्राव गुलाबी किंवा किंचित रक्तमिश्रित होऊन अंगावरून जातो. त्यानंतर कळा काही तासांत येतील किंवा काही दिवसांनी, हे त्यावरून सांगता येत नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात प्रसूती जवळ आल्याची जी लक्षणे दिली आहेत, त्यांत पोट सैल होऊन खाली येणे, कंबर आणि जांघांतील वेदना, स्राव, अन्नावरची वासना जाणे आणि मग वेणा व गर्भोदक, असा क्रम आहे. त्याच अध्यायात आसन्नप्रसवेला मुसळाने धान्य कांडायला लावण्याचा सल्ला खोडून काढला आहे, हे विशेष लक्षात घ्यावे, कारण दिवस भरलेल्या बाईकडून जड कामे करून घेतली की सुटका लवकर होते, ही समजूत अजूनही गेलेली नाही.

खरा पेच कळांचा असतो. इंग्लिश डॉक्टर जॉन ब्रॅक्स्टन हिक्स यांनी १८७२ मध्ये वर्णन केलेली, पोट अधूनमधून कडक होण्याची क्रिया गरोदरपणात बराच काळ चालू असते, आणि शेवटच्या आठवड्यांत ती इतकी जाणवते की खऱ्या कळा म्हणून स्त्रिया दवाखाना गाठतात. फरक हाताने कळतो. बेंबीच्या वरच्या भागावर तळवा अलगद ठेवावा : कळ येते तेव्हा पोट कपाळासारखे टणक होते, बोट दाबले तरी रुतत नाही, आणि कळ ओसरली की ते पुन्हा सैल पडते. एका कळेच्या सुरुवातीपासून पुढच्या कळेच्या सुरुवातीपर्यंतचा वेळ घड्याळावर पाहावा. खोट्या कळांमधील हे अंतर कमीजास्त होत राहते, आणि कूस बदलल्यावर, लघवी करून आल्यावर, पाणी प्यायल्यावर किंवा कोमट पाण्याने अंघोळ केल्यावर त्या मंदावतात. खऱ्या कळा मात्र काही केल्या थांबत नाहीत, त्यांच्यातील अंतर घटत जाते, प्रत्येक कळ अधिक लांबते आणि दुखणे बहुधा कंबरेकडून पुढे ओटीपोटात येते. दर पाच मिनिटांनी एक, प्रत्येक सुमारे मिनिटभराची, आणि असे तासभर, हा दवाखान्यात जाण्याचा नियम पहिलटकरणीला सर्वत्र सांगितला जातो.

शहरात, पंधरा मिनिटांवर प्रसूतिगृह असताना, तो पुरेसा आहे. पण ज्या पाड्यावरून पक्क्या रस्त्यापर्यंत पोहोचायलाच दोन तास चालावे लागते, तिथे तो नियम पाळणे म्हणजे उशीर करणे होय. ही गोष्ट वैद्यकशास्त्राला ठाऊक नव्हती असे नाही. गर्भपिशवीचे तोंड ताशी किती उघडते याचा आलेख अमेरिकेत इमॅन्युएल फ्रीडमन यांनी १९५० च्या दशकात मांडला होता. १९७२ मध्ये तेव्हाच्या ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेत, ह्यू फिलपॉट आणि कॅसल यांनी त्या आलेखावर दोन तिरप्या रेषा ओढल्या. पहिली सावधानतेची रेषा : दूरच्या केंद्रातील सुईणीने, तोंड ताशी एक सेंटिमीटर या वेगाने उघडत नाही असे दिसताच स्त्रीला मोठ्या रुग्णालयाकडे रवाना करायचे. दुसरी कृतीची रेषा तिच्यापासून चार तास पुढे, आणि हे मधले चार तास प्रवासासाठी राखलेले. प्रसूतीचा हिशेब रस्त्याच्या हिशेबाशी जोडणारी इतकी समंजस कल्पना या शास्त्रात दुसरी सापडणे कठीण.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये ताशी एक सेंटिमीटरचा निकष बाजूला ठेवला आणि ते योग्यच केले, कारण अनेक निरोगी स्त्रियांची प्रगती त्याहून मंद असते आणि त्या निकषापायी अनावश्यक हस्तक्षेप होत होते. त्याच वेळी प्रसूतीची सक्रिय अवस्था, म्हणजे कळा जोमाने आणि नियमित येऊन तोंड वेगाने उघडण्याचा टप्पा, पाच सेंटिमीटरपासून धरावी असे ठरले. त्याआधीची सुप्त अवस्था कित्येक तास, कधी त्याहूनही अधिक चालू शकते. ‘दोनच बोटे उघडले आहे, अजून वेळ आहे, घरी जा’ हे परिचारिकेचे वाक्य त्यामुळे शास्त्राला धरून असते. मात्र घर डोंगरापलीकडे असेल आणि बाईचे हे दुसरे बाळंतपण असेल, तर तेच वाक्य तिला वाटेत बाळंत होण्याच्या धोक्यात ढकलते, कारण दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला सक्रिय अवस्था पुष्कळदा झपाट्याने पार पडते. फिलपॉट यांची रेषा गेली तरी तिच्यामागचा अंतराचा विचार जाता कामा नये. आदिवासी भागांतील काही प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आवारात ‘माहेरघर’ आहे, जिथे गरोदर स्त्रीने तारखेच्या काही दिवस आधीच येऊन राहावे, सोबत जवळचे माणूस आणि लहान मूलही आणावे अशी सोय केलेली असते. पर्लकोटा नदीला पूर आल्यावर भामरागडची वाट बंद होणार हे दरवर्षी ठाऊक असताना, अशा सोयीचा प्रचार जूनच्या आधी घरोघर व्हायला हवा.

काही लक्षणांना कळांची वाट पाहणे लागूच नाही. पाणमोट, म्हणजे बाळाभोवतीची पाण्याची पिशवी, दिवस भरलेल्या सुमारे आठ टक्के स्त्रियांत कळांच्या आधीच फुटते. ते पाणी लघवीसारखे रोखून धरता येत नाही, त्याला लघवीचा वास नसतो आणि ते थेंबाथेंबाने झिरपत राहिले तरी त्याचे महत्त्व कमी होत नाही. स्वच्छ कोरडे कापड घेऊन रंग पाहावा, वेळ लिहून ठेवावी, घरी कोणालाही आतून तपासू देऊ नये आणि निघावे, कारण १८ तासांहून अधिक काळ उलटला तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. पाणी हिरवट असणे, पाळीसारखा रक्तस्राव, बाळाची हालचाल मंदावणे, मध्ये सैल न पडता सतत दुखणारे कडक पोट, ताप, तीव्र डोकेदुखीसह डोळ्यांपुढे अंधारी, ३७ आठवड्यांच्या आत आलेल्या नियमित कळा आणि आधीच्या सिझरनंतर आलेली कोणतीही कळ, यांपैकी एकही गोष्ट दिसली तर रात्र असो वा पाऊस, तत्काळ निघणे आवश्यक असते.

आठवा महिना लागताच घरातील मंडळींनी आशाताईंबरोबर बसून गाडी कोणती, रस्ता कोणता, पूर आला तर दुसरी वाट कोणती आणि सोबत कोण, हे ठरवावे. गरोदर स्त्रीसाठी १०२ आणि तातडीच्या प्रसंगी १०८ या क्रमांकांची रुग्णवाहिका मोफत मिळते, आणि ती बोलावण्याची परवानगी तिला कोणाकडेही मागावी लागू नये.