जुनी एसएसडी घ्यावी की नाही?

पेण असो की रोहा, आपल्या मोहल्ल्यातल्या बऱ्याच घरांत एक तरी जुना लॅपटॉप असतो. कुणाचे मामू कुवेतहून सुट्टीवर येताना घेऊन आलेले असतात, कुणाचे अब्बा दुबईची नोकरी संपवून कायमचे परतले तेव्हाच्या सामानात तो आलेला असतो. आठ-दहा वर्षांनी तो इतका रेंगाळतो की बटण दाबून चहा ठेवावा, चहा पिऊन व्हावा, तरी पडद्यावरचे चक्र फिरतच असते. मग कुणीतरी सांगते, "हार्ड डिस्क काढा, एसएसडी टाका, नव्यासारखा पळेल."

हे खरेही आहे. पण २०२५ च्या अखेरीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांची मागणी वाढली, मेमरी चिपचे भाव चढले आणि नवी एसएसडी घेताना हात आखडू लागला. साहजिकच नजर वापरलेल्या एसएसडीकडे वळते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, गावातल्या रिपेअरच्या दुकानात किंवा ओळखीत ती स्वस्तात मिळते. "घेऊ का?" हा प्रश्न पालक आम्हा शिक्षकांना हल्ली वारंवार विचारतात.

प्रश्न फक्त पैशांचा नाही. त्या डिस्कवर मुलीचा कॉलेजचा प्रोजेक्ट असणार, गुणपत्रके असणार, निकाहनाम्याची स्कॅन प्रत असणार, मरहूम दादींचा आवाज असलेला व्हिडिओ असणार. डिस्क पुन्हा विकत मिळते, दादींचा आवाज मिळत नाही. म्हणून घेण्याआधी पारख करावी, आणि ती घरच्या घरी करता येते.

आत काय असते?

जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि एक बारीक हात तिच्यावरून माहिती वाचतो. एसएसडीत हलणारे काहीच नसते. लाखो-करोडो सूक्ष्म कप्प्यांत विजेचा भार साठवून माहिती ठेवलेली असते. या चिपला नॅन्ड फ्लॅश म्हणतात. जपानच्या तोशिबा कंपनीतले संशोधक फुजिओ मासुओका यांनी ती १९८७ मध्ये जगापुढे मांडली. साधी हार्ड डिस्क सेकंदाला १०० ते १५० एमबी वाचते, तर साटा जोडणीची एसएसडी ५०० च्या पुढे जाते. विखुरलेल्या छोट्या फाइली शोधण्यात तर हार्ड डिस्क तिच्या जवळपासही येत नाही.

पण या कप्प्यांना आयुष्याची मर्यादा आहे. वहीच्या एकाच पानावर लिहून पुन्हा पुन्हा खोडरबर चालवले की कागद विरतो आणि एक दिवस फाटतो, तसेच इथे होते. वाचल्याने झीज जवळजवळ होत नाही, ती लिहिण्या-पुसण्याने होते. म्हणून एसएसडीतला कंट्रोलर सगळी पाने सारखी वापरली जातील अशी वाटणी करत राहतो. एका कप्प्यात दोन बिट ठेवले तर ती एमएलसी, तीन ठेवले तर टीएलसी, चार ठेवले तर क्यूएलसी. बिट जितके जास्त तितकी डिस्क स्वस्त, आणि साधारणपणे तितकी कमी टिकाऊ. त्यामुळे जुनी चांगली एमएलसी डिस्क नव्या स्वस्त क्यूएलसीपेक्षा वाईटच असेल, असे समजू नये.

वय नव्हे, वापर पाहा

लेबलवरचे मॉडेलचे नाव घेऊन कंपनीचे माहितीपत्रक शोधा. त्यात टीबीडब्ल्यू हा आकडा असतो. एकूण किती टेराबाइट लिहिण्यापर्यंत कंपनी हमी देते, ते त्यावरून कळते. सॅमसंगची ८५० एव्हो ही २०१४ मध्ये आलेली डिस्क घ्या. तिच्या २५० जीबीच्या प्रकाराला कंपनीने ७५ टेराबाइट दिले होते. घरच्या संगणकावर रोज २० जीबी लिहिले गेले असे धरले तरी वर्षाला साधारण ७ टेराबाइट होतात. म्हणजे ७५ गाठायला दहा वर्षे. डिस्क २०१५ ची आहे एवढ्यावरून ती टाकाऊ ठरत नाही.

खरा वापर पाहण्यासाठी क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचे मोफत जपानी सॉफ्टवेअर आहे. त्यात चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, डिस्क किती तास चालू होती. शाळेतला संगणक दिवसाला ६ तास आणि वर्षाला २०० दिवस चालला तर १,२०० तास होतात. कार्यालयातला ८ तासांप्रमाणे २५० दिवस चालला तर २,०००. समोर ४०,००० दिसले तर ती डिस्क साडेचार वर्षे रात्रंदिवस चालली आहे, बहुधा सर्व्हरमध्ये किंवा कॅमेऱ्याच्या नोंदणीसाठी. अशी डिस्क आम्ही घरासाठी सुचवत नाही.

दुसरी, आजवर एकूण किती लिहिले गेले. हा आकडा टीबीडब्ल्यूशी ताडून पाहा. निम्म्याच्या आत असेल तर बरे.

तिसरी, आरोग्याची टक्केवारी. ती मुख्यतः झिजेवरून काढलेली असते. ८० च्या वर असेल तर समाधान मानावे. ५० च्या खाली असेल तर किंमत कितीही कमी असो, नको म्हणावे.

चौथी, निकामी झाल्यामुळे बदललेल्या कप्प्यांची आणि दुरुस्त न झालेल्या चुकांची संख्या. ती शून्य असावी. थोडी असेल आणि आठवडाभरात वाढली तर डिस्क परत करावी. सीआरसी नावाची चूक दिसली तर घाबरू नका. तो दोष बहुतेक वेळा केबलचा किंवा जोडणीचा असतो. केबल बदलून पाहावी.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. यूएसबीच्या डबीत घातलेल्या डिस्कचे हे आकडे कधी कधी दिसतच नाहीत, म्हणून ती थेट संगणकाला जोडून पाहा. आणि हे आकडे पुसून विकणारेही असतात. दहा वर्षांपूर्वीच्या मॉडेलवर तास शून्याच्या आसपास असतील तर ते नशीब समजू नका, शंका घ्या.

भरून पाहा, मगच विश्वास ठेवा

आपली एकही फाइल टाकण्याआधी एच२टेस्टडब्ल्यू हे मोफत साधन चालवा. ते पूर्ण डिस्क भरते आणि लिहिलेले सगळे परत वाचून ताडते. वर एक टेराबाइट छापून आत त्याच्या कितीतरी कमी चिप असलेल्या बनावट डिस्क यातच उघड्या पडतात. वेळ लागतो, पण रात्री लावून सकाळी फजरनंतर निकाल पाहता येतो.

नंतर कंपनीच्या संकेतस्थळावर फर्मवेअर पाहा, म्हणजे डिस्कच्या आतला तिचा स्वतःचा प्रोग्रॅम. क्रुशियलची एम४ ही डिस्क ५,१८४ तास पूर्ण झाले की दर तासाला बंद पडू लागे. २०१२ मध्ये कंपनीने फर्मवेअर देऊन तो दोष काढला. सॅमसंगच्या २०१३ च्या ८४० एव्होमध्ये बरेच दिवस पडून असलेल्या फाइली फार हळू वाचल्या जात. त्यावर कंपनीला २०१४ आणि २०१५ मध्ये दोनदा दुरुस्ती द्यावी लागली. जुन्या बाजारात फिरणाऱ्या डिस्कवर ती झालीच असेल असे नाही.

आपल्या हवामानात

कोकणात पावसाळ्यात वीज केव्हा जाईल सांगता येत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगडातली कितीतरी गावे दिवसच्या दिवस अंधारात होती. लिहिणे चालू असताना वीज गेली तर घरगुती एसएसडीतली माहिती बिघडू शकते. जुन्या लॅपटॉपची बॅटरी मेली असेल आणि तो फक्त अडॅप्टरवर चालत असेल, तर एसएसडीच्या आधी बॅटरीचा विचार करा. टेबलावरच्या संगणकाला यूपीएस हवाच.

आणखी एक. झिजलेली एसएसडी विजेशिवाय कपाटात पडून राहिली तर कप्प्यांतला भार हळूहळू गळतो, आणि उष्णतेत अधिक वेगाने गळतो. आयुष्य संपत आलेल्या घरगुती डिस्कने ३० अंश तापमानात विजेशिवाय एक वर्ष माहिती टिकवावी, एवढीच या उद्योगातल्या मानकाची अपेक्षा आहे. मे महिन्यात पत्र्याखालच्या कपाटात ३० अंशांवर थांबते कुठे? त्यामुळे लग्नाचे फोटो जुन्या एसएसडीत भरून ठेवून देणे योग्य नाही. त्या कामाला बाहेरून जोडायची हार्ड डिस्क बरी.

शिवाय हार्ड डिस्क मरण्याआधी पुष्कळदा खरखर करते, एसएसडी अनेकदा काहीही न सांगता जाते. तेव्हा पारख करून घेतलेली जुनी एसएसडी विंडोज आणि रोजच्या कामासाठी खुशाल वापरा, पण महत्त्वाच्या फाइलींची एकमेव प्रत तिच्यावर ठेवू नका. एक प्रत हार्ड डिस्कवर आणि एक घराबाहेर, ऑनलाइन किंवा नातेवाइकांकडे असावी.

विकणाऱ्याची अमानत

प्रेषित मुहम्मद (सल्ल.) बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले लागले. लोकांना दिसेल असे ते वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाकारला. सहीह मुस्लिममधली ही हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. जुनी डिस्क विकताना आरोग्याची टक्केवारी आणि तास स्वतःहून दाखवणे म्हणजे ओले धान्य वर ठेवणे होय. ऐब सांगून विकलेल्या मालाचे दोन पैसे कमी आले तरी बरकत त्यातच आहे.

विकण्याआधी डिस्क पुसण्याचीही जबाबदारी आपलीच. साधे फॉरमॅट पुरेसे नाही. कंपनीच्या सॉफ्टवेअरमधील सिक्युअर इरेज वापरा. आधार कार्ड, बँकेचे कागद आणि घरातल्या बायका-मुलींचे फोटो अनोळखी हातात जाता कामा नयेत. विकत घेतलेल्या डिस्कवर दुसऱ्याचे काही सापडलेच, तर ते उघडून पाहू नये, पुसून टाकावे. दुसऱ्याच्या खासगी गोष्टी चाळण्याची मनाई सूरह हुजुरातमध्ये स्पष्ट आहे.

आणि जी डिस्क मेलीच, ती कचऱ्याच्या पिशवीत किंवा भोगावती-कुंडलिकेच्या काठावर टाकू नका. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. अधिकृत संकलकाकडेच ती द्या. अल्लाह आपल्या खरेदी-विक्रीत सचोटी आणि बरकत देवो. आमीन.