धूर गेला, नूर आला!

वीस! आजचा लकी नंबर हाच. कसा, ते पाहा.

एक सिगारेट ओढली की आयुष्यातली सरासरी २० मिनिटं खल्लास, असा हिशेब लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी डिसेंबर २०२४ मध्ये मांडला. पुरुषांची १७, बायकांची २२. त्याआधीचा, २००० सालचा हिशेब ११ मिनिटांचा होता. बघा, महागाईनं इथंही पाठ सोडलेली नाही!

आणि शेवटची सिगारेट विझवल्यावर शरीर किती वेळात दुरुस्तीला लागतं, माहीत आहे का? तेही २० मिनिटांतच! नाडी आणि रक्तदाब दोन्ही उतरायला लागतात.

रोज दहा ओढणाऱ्यांनी जरा गुणाकार करावा. २०० मिनिटं. तेवढ्यात डेक्कन क्वीन पुण्याहून सुटून मुंबईला टेकते. अर्थात, वेळेवर असली तर!

पुढचा शो बारा तासांनी. रक्तातला कार्बन मोनॉक्साइड नॉर्मलला येतो. मोटारीच्या धुरात असतो ना, तोच हा गॅस. रक्तात ऑक्सिजनची सीट अडवून बसलेला असतो. तो उठला की ऑक्सिजन आरामात टेकतो.

एक-दोन दिवसांत जिभेला चव आणि नाकाला वास परत मिळू लागतो. घरच्या आमटीची खरी चव तेव्हा कळते. (त्यावरून घरात वाद झाल्यास आम्ही जबाबदार नाही.)

‘सोडली आणि खोकला वाढला, त्यापेक्षा ओढत होतो तेच बरं होतं!’ हे टपरीवरचं लाडकं लॉजिक. खरी गंमत अशी की श्वासनलिकेत बारीक केसांची झालर असते आणि घाण वर ढकलणं हे तिचं काम. धुरानं ती लुळी पडते. धूर थांबला की जागी होते आणि साचलेला कफ बाहेर काढायला घेते. म्हणजे हा खोकला कामावर रुजू झाल्याची सही! मात्र तो आठवड्यांमागून आठवडे हटलाच नाही किंवा थुंकीत रक्त दिसलं, तर टपरीवरच्या तज्ज्ञांना विचारू नका, थेट डॉक्टर गाठा.

वर्षभरानं हृदयविकाराचा जादा धोका निम्म्यावर. दहा वर्षांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका, ओढत राहणाऱ्याच्या तुलनेत, साधारण निम्मा. इतका डिस्काउंट दिवाळी सेलमध्येही मिळत नाही.

आता आमच्या आवडत्या हिरोला भेटा. रिचर्ड डॉल, ब्रिटिश डॉक्टर. लंडनमध्ये फुप्फुसाचा कर्करोग का वाढतोय, हे शोधायला ते ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांच्यासोबत बसले. डॉलना संशय होता मोटारींच्या धुरावर आणि रस्त्यांवरच्या डांबरावर. लंडनच्या २० (हो, पुन्हा वीस!) हॉस्पिटलांतल्या रुग्णांना प्रश्न विचारले गेले आणि आरोपी निघाली सिगारेट. पेपर छापून आला १९५० मध्ये. पण डॉलसाहेब तोवर थांबलेच नाहीत. आकडे बघता बघता, अभ्यास पुरा व्हायच्या आधीच त्यांनी स्वतःची सिगारेट बंद केली. स्वतःच्या रिसर्चचा पहिला बकरा संशोधक स्वतः!

पण पिक्चर अभी बाकी होता. १९५१ मध्ये दोघांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांना पत्रं पाठवली: ‘तुम्ही ओढता का?’ मग ३४,४३९ पुरुष डॉक्टरांवर तब्बल ५० वर्षं नजर ठेवली गेली. निकाल आला २००४ मध्ये. तेव्हा डॉल होते ९१ वर्षांचे आणि पेपरवर त्यांचं नाव पहिलं!

निकाल काय? ओढत राहणारे सरासरी दहा वर्षं आधी गेले. साठीत सोडली तर तीन वर्षं परत मिळतात, पन्नाशीत सहा, चाळिशीत नऊ आणि तिशीत सोडली तर जवळजवळ पूर्ण दहा. ‘आता या वयात सोडून काय उपयोग?’ म्हणणाऱ्या काकांना हा परिच्छेद मोठ्यानं वाचून दाखवा. चष्मा नसेल तर दोनदा.

‘मी काही फार ओढत नाही हो, दिवसाला फक्त एक!’ असंही कुणी म्हणेल. माहीत आहे का? २०१८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार रोज एक ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, तो रोज वीस ओढणाऱ्याच्या जवळपास निम्मा असतो. विसावा हिस्सा नाही, निम्मा! हृदय घाऊक आणि किरकोळ असा भेद करत नाही.

बरं, सोडल्यावर हात थरथरतात, झोप उडते, चिडचिड होते. निकोटीनचा हात आहेच, पण एक छुपा साथीदारही आहे. ओळखा पाहू कोण? तुमचा कटिंग! सिगारेटच्या धुरामुळं यकृत कॅफीन झपाट्यानं मोडतं. धूर बंद झाला की यकृताचा वेग उतरतो आणि तेवढ्याच चहा-कॉफीतलं कॅफीन अंगात कितीतरी जास्त वेळ रेंगाळतं. म्हणजे कप तेवढाच, किक डबल! म्हणून सोडल्यावर पहिले काही आठवडे चहा-कॉफी निम्मी करून पाहा. आणि चहा-सुट्टा ही जोडीच फोडायची तर चहाची जागा बदला. टपरीऐवजी घरची गॅलरी. आमच्या मते दुनियेतली ही सर्वांत स्वस्त ट्रीटमेंट.

चला, टाइम मशीन! मुघल दरबारात तंबाखू कुठून पोचली, माहीत आहे का? दख्खनमधून, विजापुराहून! असद बेग नावाच्या सरदारानं ती रत्नजडित चिलमीसकट अकबरापुढं ठेवली. हकीम ‘नको, नको’ म्हणत असताना बादशहानं झुरके घेतले. मात्र पुढं काही नादी लागला नाही. दरबारी मंडळी मात्र सुटली! शेवटी १६१७ मध्ये जहांगीरनं तंबाखूवर बंदी घातली. स्वतः दारू आणि अफूचा शौकीन असलेल्या जहांगीरनं, बरं का!

तिकडं इंग्लंडचा राजा पहिला जेम्स यानं १६०४ मध्ये तंबाखूविरुद्ध स्वतः पुस्तिका लिहिली आणि करही वाढवला. किती? चार हजार टक्क्यांनी! आपले अर्थमंत्री फारच मवाळ म्हणायचे.

‘फिल्टरवाली आहे, टेन्शन नाही!’ असं म्हणणाऱ्यांसाठी खास नजराणा. १९५२ मध्ये अमेरिकेत केंट ब्रँडनं ‘सुरक्षित’ म्हणून एका फिल्टरचा गाजावाजा केला. त्यात काय होतं? ॲस्बेस्टॉस! हो, तेच, कर्करोगासाठी बदनाम असलेलं. चारेक वर्षांनी ते गुपचूप काढलं गेलं.

आजचा फिल्टरही काही संत नाही. तो कापसासारखा दिसतो, पण असतो प्लॅस्टिकचा. दरवर्षी जगात सुमारे साडेचार लाख कोटी थोटकं उघड्यावर फेकली जातात. ओढणारा सोडेल एखाद वेळेस, थोटूक समुद्राला लवकर सोडत नाही.

मार्लबरो म्हटलं की डोळ्यांपुढं घोडा, हॅट, रांगडा गडी. पण १९२० च्या दशकात ही सिगारेट खास बायकांसाठी विकली जायची! लिपस्टिकचा डाग दिसू नये म्हणून टोक लाल. काउबॉय आला नंतर. आणि त्या जाहिरातींत झळकलेल्या पुरुषांपैकी काही जण धूम्रपानाच्याच आजारांनी गेले. त्यांतला वेन मॅक्लॅरेन अखेरच्या काळात धूम्रपानाविरुद्ध जाहीरपणे बोलत राहिला आणि १९९२ मध्ये, ५१ व्या वर्षी फुप्फुसाच्या कर्करोगानं वारला. इथं आम्हाला जोक सुचत नाही.

पुढं चला. निकोटीनचं च्युइंग गम कुठून आलं, माहीत आहे का? पाण्याखालून! १९६० च्या दशकात स्वीडिश पाणबुडीतल्या खलाशांना आत सिगारेट ओढता येत नसे. ते सरळ तोंडातल्या तंबाखूवर भागवत. एका संशोधकानं हे हेरलं आणि ओव्हे फर्नो या औषध-रसायनतज्ज्ञाला कळवलं. फर्नो स्वतः ओढणारा! त्यातूनच पुढं निकोरेट आलं, १९७८ मध्ये पहिल्यांदा स्वित्झर्लंडमध्ये. आपल्याकडंही औषधाच्या दुकानात निकोटीन गम मिळतं. पण ते सिनेमातल्या डॉनसारखं सतत चघळायचं नाही. हळू चावा, झिणझिण्या आल्या की गालात पार्क करा, ओसरल्या की पुन्हा चावा.

सोडण्याची एक गोळी तर चक्क झाडावरून आली. युरोपातल्या लॅबर्नम या पिवळ्या फुलांच्या झाडात सायटिसिन असतं. दुसऱ्या महायुद्धात तंबाखू संपली की सोव्हिएत सैनिक त्याची पानं ओढत. बल्गेरियानं १९६४ मध्ये त्याची गोळी बाजारात आणली आणि त्याच धाग्यावरून पुढं व्हॅरेनिक्लिन हे औषध बनलं. सूचना: आपला बहावा हे झाड वेगळं. सोसायटीतल्या बहाव्याला ओरबाडू नका. लॅबर्नमही विषारीच, तेव्हा गोळी घ्यायची ती डॉक्टरांना विचारून.

सिगारेटची तलफ राहते कुठं? ‘मनात’ म्हणाल तर अर्धे मार्क. २००७ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या अभ्यासात मेंदूतल्या इन्सुला या भागाला इजा झालेले काही रुग्ण दिसले. त्यांची सिगारेट एका झटक्यात सुटली होती, तलफसुद्धा उरली नव्हती! बाकीच्यांनी मेंदू जागेवर ठेवूनच सोडायची आहे. दिलासा एवढाच, की तलफेची एक लाट साधारण तीन ते पाच मिनिटांत ओसरते. तेवढ्यात पाणी प्या, जिना चढा, मित्राला फोन लावा. सासूबाईंना लावलात तर अर्धा तास सहज निघेल.

जालीम उपाय हवेत? २०१३ मध्ये तुर्कस्तानातल्या एका गृहस्थानं तांब्याच्या तारेचा पिंजरा बनवून डोक्यावर चढवला. कुलूप लावलं आणि किल्ली दिली बायकोकडं! लग्नाच्या बेडीत ही पुरवणी.

फिलिपिन्समधली आयडिया जास्त सुटसुटीत. बँकेत सहा महिने पैसे साठवायचे, मग लघवीची चाचणी. निकोटीन नाही सापडलं तर पैसे परत, सापडलं तर सगळे दानधर्माला! ही योजना ज्यांच्यापुढं ठेवली गेली, त्यांच्यात सोडणाऱ्यांचं प्रमाण बाकीच्यांहून जास्त निघालं. मराठी माणसाला पैसे बुडण्याचं भय किती, हे लक्षात घेता योजना इथं सुपरहिट ठरावी.

पैशांवरून आठवलं. समजा एक सिगारेट २० रुपयांना (आलाच बघा वीस!) आणि रोज दहा. वर्षाला ७३,००० रुपये अक्षरशः फुंकले! शिवाय टर्म इन्शुरन्सचा हप्ता ओढणाऱ्याला जास्त बसतो, तो वेगळाच.

जपान तर जपानच. इकोमा शहराच्या पालिकेनं २०१८ मध्ये नियम केला: सिगारेट ओढून आलात की ४५ मिनिटं लिफ्ट बंद. श्वासातल्या धुराचा त्रास इतरांना नको! आणि टोकियोतल्या पियाला या कंपनीनं न ओढणाऱ्यांना वर्षाला सहा जादा भरपगारी रजा दिल्या, कारण बाकीचे सिगारेट ब्रेकमध्ये तेवढा वेळ काढतातच. आपल्या एचआरला हा परिच्छेद फॉरवर्ड करा.

विमानात सिगारेटला बंदी, तरी टॉयलेटमध्ये ॲशट्रे का? नियमानंच! कुणी नियम मोडून पेटवलीच, तर जळतं थोटूक कागदांच्या कचऱ्यात जाऊ नये म्हणून. माणसाच्या स्वभावावर इतका ‘विश्वास’ दुसऱ्या कुठल्या नियमात नसेल.

आणि हिंडेनबर्ग? हायड्रोजननं भरलेलं ते अवाढव्य हवाई जहाज. त्यात स्मोकिंग रूम होती! आत हवेचा दाब जास्त, दोन दारं आणि एकच इलेक्ट्रिक लायटर. १९३७ मध्ये ते जळालं, पण त्या खोलीमुळं नव्हे.

आता घरात डोकावू. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात ओढणारे प्रौढ होते अवघे चार टक्के. टाळ्या! थांबा, थांबा. चघळणारे, मिश्री लावणारे मिळून होते जवळपास चोवीस टक्के. टाळ्या परत घ्या. मळून ओठात ठेवली म्हणजे तंबाखू काही मवाळ होत नाही.

सप्टेंबर २०२० पासून राज्यात सुटी सिगारेट आणि बिडी विकायला बंदी आहे. टपरीवर जाऊन मात्र हे वाक्य म्हणून पाहा, मोफत करमणूक!

त्याच सर्वेक्षणातली गोड बातमी: देशातले निम्म्याहून जास्त ओढणारे सोडायच्या विचारात होते. म्हणजे टपरीवर शेजारी उभा असलेला तो बहुतेक तुमच्याच मताचा आहे. दोघं मिळून ठरवा.

आणि एक नंबर तर रोज तुमच्या हातात असतो. २०१८ पासून पाकिटावरच छापलाय: १८००-११-२३५६. सरकारी क्विटलाइन, कॉल फ्री. आज पाकीट खिशात असेल तर बाहेर काढा, नंबर लावा आणि बोलणं होईस्तोवर लायटर शेजाऱ्याला देऊन टाका.