पावसाच्या नोंदी आणि हजेरीची वही

गोदावरीचे पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पोचले, यावरून नाशिककर पुराचा अंदाज बांधतात. पण गंगापूर धरणातून किती पाणी सोडावे हे ठरवताना गेल्या काही तासांच्या पावसाचे आकडे तातडीने समोर हवेत. लाखो नोंदींतून हवे तेवढेच आकडे चटकन कसे काढायचे?

समजा, इंदिरानगरमधील एका शाळेच्या गच्चीवर स्वयंचलित पर्जन्यमापक आहे. दर 15 मिनिटांनी एक नोंद, म्हणजे दिवसाला 96. अशी 10 केंद्रे 10 वर्षे चालली, की 35 लाखांहून अधिक नोंदी जमतात.

एडगर कॉड यांनी 1970 साली मांडलेल्या रिलेशनल डेटाबेसमध्ये माहिती तक्त्यांत ठेवतात. केंद्राचे नाव व ठिकाण एका तक्त्यात एकदाच लिहायचे. नोंदींच्या तक्त्यात फक्त केंद्रक्रमांक, वेळ आणि पाऊस. ओळ आटोपशीर झाली की एका पानात जास्त ओळी मावतात. संगणक डिस्कवरून एकेक ओळ वाचत नाही, पानच्या पान उचलतो. त्यामुळे किती पाने उचलावी लागली, यावर वेग ठरतो.

एका पानात 100 ओळी धरू. आपल्याला इंदिरानगरच्या एका आठवड्याच्या 672 नोंदी हव्या आहेत. सूची नसेल, तर सगळी 35 हजार पाने चाळावी लागतील. नोंदी आल्या त्या क्रमाने ठेवून वेळेची सूची केली, तर सुमारे 68 पाने. कारण प्रत्येक पानात दहाही केंद्रे मिसळलेली असतात. मात्र आधी केंद्र आणि मग वेळ असा क्रम लावला, तर सात-आठ पाने पुरतात. सूचीची दोन-चार पाने वेगळी. अशी सूची बहुधा ‘बी-ट्री’ पद्धतीची असते. बायर आणि मॅकक्राइट यांनी ती 1972 साली प्रसिद्ध केली. आपणही हजेरी वर्गवार वह्यांत आणि त्यात महिन्यानुसार ठेवतो, ती याचसाठी.

पण ‘आज दुपारी तीन वाजता सगळीकडे किती पाऊस होता?’ असे विचारले, तर आधी वेळ आणि मग केंद्र हाच क्रम सोयीचा. म्हणजे प्रश्न आधी ठरवावा, मांडणी नंतर.

दहा वर्षांचा आढावा घेताना दर वेळी एका केंद्राच्या साडेतीन लाख नोंदींची बेरीज कशाला? रोजच्या बेरजांचा वेगळा तक्ता केला, की 3,650 ओळींत काम होते. भारतात दिवसाचा पाऊस सकाळी 8.30 ते दुसऱ्या दिवशी 8.30 असा मोजतात. बेरीजही तशीच हवी.

हा वेग फुकट मिळत नाही. जागा जास्त लागते, लिहिणे थोडे मंदावते आणि एखादी नोंद दुरुस्त केली तर तिची बेरीजही बदलावी लागते.

वर्गात 60 कार्डांवर केंद्र, वेळ व पाऊस लिहून ती दोन्ही क्रमांनी लावून पाहावीत, असे आम्ही सुचवू. कोणत्या प्रश्नाला कोणता क्रम लवकर उत्तर देतो, हे मुले स्वतःच शोधतील.