जाळे दिसते, हिशेब दिसत नाही

सास्तूरला समुद्र नाही. पाणी म्हणजे तेरणा नदी आणि लोहारा तालुक्यातच असलेला माकणीचा निम्न तेरणा जलाशय. मग मासेमारीवरच्या माहितीपटांशी इथल्या व्यापाऱ्याचा आणि कारागिराचा काय संबंध, असा प्रश्न वाचकांना पडेल. संबंध निश्चित आहे. पिढीजात धंदे दाखवताना कॅमेऱ्याला मासेमारी फार आवडते. तिच्या बाबतीत त्याने जे बरेवाईट केले, तेच उद्या कल्हईवाला, पिंजारी किंवा शिकलगार यांच्या बाबतीत घडू शकते.

माहितीपट म्हणजे खऱ्या माणसांचा, खऱ्या जागी घेतलेला चित्रपट. परंतु खरी माणसे दिसली म्हणजे दाखवलेले सर्व खरेच, असे समजू नये. १९३४ साली रॉबर्ट फ्लाहर्टी यांनी आयर्लंडच्या किनाऱ्यावरील अरन बेटांवर 'मॅन ऑफ अरन' हा चित्रपट काढला. त्यात बेटावरील लोक प्रचंड शार्क मासा मारताना दिसतात. प्रत्यक्षात ही शिकार तेथे कितीतरी वर्षांपूर्वी बंद पडली होती. चित्रपटासाठी ती लोकांना नव्याने शिकवावी लागली. पडद्यावरचे आई, बाप आणि मुलगा हेही एका घरचे नव्हते. लाटांची दृश्ये आजही वाखाणली जातात, पण त्या काळी ती माणसे पोट कशावर भरत होती, हे त्या शिकारीवरून कळत नाही.

फिलिपीन्समध्ये 'पा-आलिंग' नावाची मासेमारी चालते. होडीवरच्या कॉम्प्रेसरमधून लांब नळीने हवा घेत पाणबुडे सुमारे ४० मीटर खोल उतरतात आणि मासे हाकत जाळ्यात घालतात. बीबीसीच्या 'ह्यूमन प्लॅनेट' या २०११ च्या मालिकेत हे दृश्य आहे. पाहणारा त्या हिमतीने थक्क होतो. धंद्याच्या माणसाने मात्र पुढे विचारावे : होडी आणि कॉम्प्रेसर कोणाचा? मालात पाणबुड्याचा वाटा किती? इतक्या खोलीवरून घाईने वर आल्यास माणूस लुळा पडू शकतो. तसे झाले तर त्याचे घर कोण चालवणार?

असे प्रश्न मनात ठेवून पाहण्याजोगा एक माहितीपट आपल्याच राज्यातील आहे. सर्वनिक कौर यांचा 'अगेन्स्ट द टाइड' मुंबईतील दोन कोळी मित्रांवर आहे. २०२३ च्या सनडान्स महोत्सवात त्याला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. एक मित्र किनाऱ्याजवळ वाडवडिलांच्या रीतीने जाळे टाकतो. दुसरा परदेशात शिकून आलेला. तो मोठी होडी घेऊन खोल समुद्रात जातो आणि कर्जात अडकतो. एलईडी दिव्यांच्या झोताने मासे गोळा करण्याच्या पद्धतीवर केंद्र सरकारने २०१७ मध्ये बंदी घातली. तरी तोच मार्ग त्याला खुणावतो. पहिल्याच्या घरी हृदयाचा दोष असलेले मूल जन्मते आणि उपचाराचा खर्च समोर उभा राहतो. इथे कोळी केवळ नाचगाण्यातला राहत नाही. जुनी रीत टिकवायची की कर्ज काढून नवे यंत्र घ्यायचे, हा आपल्या प्रत्येक कारागिरापुढचा पेच त्याच्याही पुढे आहे.

कोकण किनाऱ्यावर कोळ्यांप्रमाणेच दालदी मुसलमानांचाही हा पिढीजात धंदा आहे. डिझेल, बर्फ, जाळ्याची दुरुस्ती, खलाशांचा वाटा एवढे सर्व भागल्यावर उरेल ती कमाई. जो दलाल आगाऊ रक्कम देतो, त्यालाच बहुधा माल द्यावा लागतो. मग भाव कोण ठरवणार हे सांगायला नको. पावसाळ्यात बंदीमुळे होड्या किनाऱ्याला लागतात, पण चूल चालूच असते. मासळी सुकवणे आणि विकणे हे बायकांचे काम तर कित्येकदा चित्रात येतच नाही. जाळे फेकण्याचे दृश्य एका मिनिटाचे. धंदा बाराही महिन्यांचा असतो.

आता आपल्याकडे वळू. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला आणि किल्लारी, सास्तूर ही नावे जगाला कळली. कॅमेरे आले, ढिगारे आणि आक्रोश दूरवर पोचला. तो खराच होता. परंतु ढिगाऱ्याखाली गेलेली हत्यारे, उधारीची वही आणि दुकान पुन्हा कसे उभे राहिले, याचे चित्र आपणांपैकी किती जणांनी पाहिले आहे? माणूस फक्त दुःखी म्हणून दाखवला की पाहणारा हळहळतो. तोच हुन्नरी आणि कमावता म्हणून दिसला, तर गिऱ्हाईक त्याच्या कामाची किंमत ओळखते.

तेव्हा उद्या कोणी कॅमेरा घेऊन दारी आले, किंवा घरातलाच मुलगा मोबाईलवर चित्रण करू लागला, तर काही गोष्टी अगत्याने पाहाव्यात. कच्चा माल कोठून आणि कोणत्या भावाने येतो इथपासून पैसा हाती पडेपर्यंत सारा क्रम दाखवावा. मंदीचे महिने आणि घरातील स्त्रियांचे काम वगळू नये. बंद पडलेली रीत मुद्दाम करून दाखवली, तर तसे चित्रातच सांगावे. उधारीवाल्या गिऱ्हाइकाचे नाव त्याच्या संमतीशिवाय येऊ देऊ नये. चित्रण कोठे दाखवणार आणि त्याची प्रत आपणांस मिळणार की नाही, हे आधी लेखी ठरवावे.

खोटे वजन जसे व्यवहारात चालत नाही, तसे ते चित्रातही चालू नये. आपल्या धंद्याचा खरा हिशेब आपणच मांडला नाही, तर दुसरा कोणी तो मांडेल, आणि त्याला सोयीचे तेवढेच मांडेल.