५५ मिलिलिटर पाणी

अमेरिकेच्या दक्षिणेत, लुइझियानात आणि पूर्व टेक्सासात, एटीव्हीला स्नॉर्कल, म्हणजे इंजिनला उंचावरून हवा देणारा पाइप, बसवून झाला की एक चाचणी घेतात. इंजिन चालू करायचं आणि हँडलपाशी वर आणलेल्या पाइपच्या तोंडावर तळहात घट्ट दाबून धरायचा. दोन-तीन सेकंदांत इंजिन गुदमरून बंद पडलं, तर काम पक्कं झालं. ते कुरकुरत का होईना चालूच राहिलं, तर कुठल्या तरी जोडातून हवा आत येते आहे, आणि जिथून हवा येते तिथून पाणीही येणारच. मग सगळे जोड पुन्हा उघडायचे, सिलिकॉन भरायचं, क्लिपा आवळायच्या आणि परत हात लावून बघायचं. ही चाचणी न करता गाडी पाण्यात घालणाऱ्याला तिथले जुने लोक जवळ उभं करत नाहीत.

एटीव्ही म्हणजे मोटरसायकलसारखं हँडल, दोन्ही बाजूंना पाय सोडून बसायची सीट आणि चार फुगीर टायर असलेली गाडी. आपल्याकडे ती लोणावळ्याच्या ट्रॅकवर किंवा समुद्रकिनाऱ्यावर चक्कर मारायला मिळते, त्यामुळे तिच्याकडे खेळणं म्हणूनच पाहिलं जातं. अमेरिकेत मात्र ती शेतकऱ्याची आणि शिकाऱ्याची गाडी आहे. होंडाने १९७० मध्ये तिची तीन चाकांची आवृत्ती आणली. ती इतक्या वेळा उलटली की १९८८ मध्ये तिची विक्री तिथे थांबवावी लागली. तोवर सुझुकीने चार चाकांची आणलीच होती, तीच पुढे रुळली. दक्षिणेकडची जमीन नद्यांच्या गाळाची, पाऊस भरपूर, आणि माती अशी चिकट की बुटाला लागली तर बूट तिथेच राहावा. कामासाठी या राडीतून जाणं भाग होतं. कामातून हौस आली आणि हौशीतून मोठा व्यवसाय उभा राहिला. लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टची हाय लिफ्टर ही कंपनी गाडी उंच करायचे सुटे भाग बनवते, आणि तिच्याच नावाने टेक्सासमधल्या जॅक्सनव्हिलला ‘मड नॅशनल्स’ हा चिखलाचा मेळावा भरत आला आहे. गॅरेजांतून घडलेली ही विद्या शेवटी कारखान्यांनीही उचलली. कॅन-ॲमने २०११ च्या मॉडेलपासून आउटलँडरची ‘एक्स एमआर’ ही खास चिखलासाठीची गाडी काढली, तर पोलारिसने हाय लिफ्टरच्याच नावाची आवृत्ती आणली.

साध्या एटीव्हीच्या मॅन्युअलमध्ये पाण्याची मर्यादा बहुधा पाय ठेवायच्या पट्टीपर्यंतच असते. ती का, हे इंजिनच्या पोटात शिरून पाहावं लागतं.

५०० सीसीचं एकसिलिंडर इंजिन घ्या, ज्याचं कॉम्प्रेशन १० ला १ आहे. पिस्टन सगळ्यात वर येतो तेव्हा त्याच्या डोक्यावर उरणारी जागा असते फक्त ५५ मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे पोहे खायचे चार-पाच चमचे. हवा दाबली जाते, त्यामुळे एरवी काहीच अडत नाही. पाणी मात्र दाबलं जात नाही. त्या जागेपेक्षा जास्त पाणी सिलिंडरमध्ये आलं तर पिस्टन वर जाऊच शकत नाही. पण क्रँकशाफ्ट तर फिरतोच आहे, मिनिटाला तीन-चार हजार फेऱ्यांनी. मग दोघांच्या मध्ये असलेला कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी तुटून इंजिनचा केस फोडून बाहेर येतो. याला हायड्रोलॉक म्हणतात. हेच इंजिन पूर्ण थ्रॉटलवर सेकंदाला वीस लिटरच्या आसपास हवा ओढत असतं, तेव्हा हवेच्या तोंडाशी पाणी पोचलं तर ५५ मिलिलिटर आत जायला किती वेळ लागेल, याचा अंदाज करता येतो.

म्हणून सगळ्या कामाची सुरुवात हवेच्या वाटेपासून. एअर बॉक्सचं तोंड सीटखाली किंवा टाकीखाली असतं. तिथून पाइप काढून तो हँडलच्या उंचीपर्यंत, काही जण त्याच्याही वर, नेतात. तयार किट मिळतात, पण नळाच्या सामानाच्या दुकानातल्या दोन इंची पीव्हीसी पाइपवर आणि एल्बोवर बनवलेल्या स्नॉर्कलने आजही हजारो गाड्या चालतात. कौशल्य लागतं ते पाइपखाली काय चाललं आहे ते ओळखायला. एअर बॉक्सच्या तळाला साचलेलं पाणी बाहेर जावं म्हणून रबरी नळी असते, ती बुजवली नाही तर वरचा सगळा स्नॉर्कल व्यर्थ. झाकणाचं रबर जुनं झालेलं असतं. कार्ब्युरेटर असेल तर त्याच्या स्वतःच्या हवेच्या बारीक नळ्या असतात. त्या पाण्यात बुडल्या की इंजिनमध्ये पाणी शिरलेलं नसतानाही पेट्रोलचा पुरवठा बिघडून गाडी बंद पडते. शिवाय लांब आणि वळणाच्या पाइपमधून हवा कमी येते, त्यामुळे कार्ब्युरेटरचा जेट बदलून हवा-पेट्रोलचं मिश्रण नव्याने बसवावं लागतं.

इथे होंडाची गाडी आणि बाकीच्यांची गाडी यांच्यात फरक पडतो. पोलारिस, कॅन-ॲम, यामाहा यांच्या गाड्यांत इंजिनची ताकद गिअरबॉक्सपर्यंत रबरी बेल्टने जाते. पोलारिस मूळची मिनेसोटाची, बर्फावर चालणाऱ्या गाड्या करणारी कंपनी, आणि बेल्टची ही पद्धत तिने तिथूनच आणली. दोन पुलींमध्ये घासत फिरणारा हा बेल्ट भयंकर तापतो. त्याला थंड ठेवायला त्याच्या डब्यात एका वाटेने हवा येते, दुसऱ्या वाटेने जाते. डब्यात पाणी आलं की बेल्ट निसटायला लागतो. इंजिन ओरडत राहतं आणि गाडी जागची हलत नाही. म्हणून अशा गाडीला तीन पाइप लागतात, इंजिनचा एक आणि बेल्टचे दोन. हँडलपाशी शेजारी शेजारी उभी तीन नळकांडी दिसली की गाडी बेल्टची आहे, हे लांबूनही कळतं. होंडाच्या रँचर किंवा फोरमनला बेल्टच नाही, सगळे दात्यांचे गिअर तेलात. एका पाइपवर काम भागतं. चिखलवाल्यांमध्ये या तशा कमी ताकदीच्या गाड्यांना जो मान आहे, त्याचं हे एक मोठं कारण. नव्याने हौस करणाऱ्याला मी तरी होंडापासूनच सुरुवात कर, असं सांगेन.

आता एक अशी वाट, जी पहिल्या हंगामात बहुतेकांच्या लक्षात येत नाही. डिफरन्शिअल आणि गिअरबॉक्स ही तेलाने अर्धी भरलेली बंद घरं, आणि प्रत्येकावर एक बारीक ब्रीदर, म्हणजे हवेचं छिद्र, असतो. गाडी तासभर पळाली की ही घरं तापतात, आतली हवा फुगून ब्रीदरमधून बाहेर पडते. मग गाडी एकदम गार पाण्यात उतरते, हवा आकसते, आत ओढ तयार होते आणि बुडालेल्या ब्रीदरमधून किंवा ऑइल सीलच्या ओठावरून पाणी आत येतं. गाडी त्या दिवशी व्यवस्थित चालते, घरी येते, शेडमध्ये उभी राहते. पंधरा दिवसांनी ड्रेन प्लग काढला की आतून काळपट तेलाऐवजी घट्ट, दुधाळ, खाकी रंगाचं काहीतरी सावकाश ओघळतं. तोवर बेअरिंगवर गंजाचे ठिपके उठलेले असतात. यावर उपाय आहे तो काही रुपयांच्या रबरी नळीचा: प्रत्येक ब्रीदरला नळी जोडून ती स्नॉर्कलच्या उंचीपर्यंत न्यायची.

सायलेन्सरची काळजी लोक नको इतकी करतात. इंजिन चालू आहे तोवर बाहेर पडणारा धूर पाणी ढकलत राहतो. पाण्यात इंजिन बंद पडलं, तरच नळीतून पाणी मागे चढतं. वायरींच्या जोडांमध्ये डायइलेक्ट्रिक ग्रीस भरायचं, बॅटरीची टोकं झाकायची, झालं. रेडिएटरचं दुखणं मात्र खरं आहे. तो पुढे खाली असतो, पहिल्याच खड्ड्यात त्याच्या पापुद्र्यांत चिखल बसतो, तो भट्टीत भाजावा तसा वाळतो आणि इंजिन तापून थांबतं. म्हणून रेडिएटर काढून पुढच्या कॅरिअरवर, हँडलसमोर बसवतात. कारखान्यातून येणाऱ्या चिखलाच्या गाड्यांतही तो असाच वर असतो.

श्वासाची सोय झाली की टायर. चिखलाच्या टायरचे दात दोन-दोन इंच खोल, एकमेकांपासून लांब, म्हणजे फिरताना माती फेकली जावी आणि दात मोकळे राहावेत. गाडीचं पोट जमिनीपासून उचलायचं तर टायर मोठा करण्यासारखा सरळ मार्ग नाही. पण २६ इंचांचा काढून ३० इंचांचा लावला, तर उंची वाढते दोन इंच आणि चाकाचा एक फेरा १५ टक्के लांब होतो. म्हणजे गाडी कायमची वरच्या गिअरमध्ये अडकल्यासारखी होते. त्यात टायरचं वजन वाढलेलं, वर ओला चिखल चिकटलेला. मग क्लचच्या स्प्रिंगा बदला, गिअर रिडक्शन बसवा. ताकद वाढली की एक्सल तुटतात, मग जाड एक्सल घाला. गाडी आणखी उचलण्यासाठी ब्रॅकेट टाकले की एक्सलचा कोन वाढतो, सांध्यावरचा रबरी बूट फाटतो आणि ग्रीसच्या जागी रेती जाते. ज्यांच्याकडे पैसा आहे ते पोर्टल घालतात: चाकाच्या मध्याशी गिअरची पेटी, एक्सल वर आणि चाक खाली. मर्सिडीजच्या युनिमॉग ट्रकला ही रचना कित्येक दशकांपासून आहे. उंचीही मिळते, गिअरही उतरतो. पण प्रत्येक चाकाशी तेलाची एकेक पेटी वाढते, आणि गाडी उंच झाली की उतारावर आडवी पडायला फार निमित्त लागत नाही.

एवढं सगळं केल्यावर लोकांना वाटतं की स्नॉर्कलच्या टोकापर्यंत पाणी चालेल. हा समज जीवघेणा आहे. २८ इंची, दहा इंच रुंद टायर पाण्यात पूर्ण बुडाला तर सत्तर-ऐंशी लिटर पाणी बाजूला सारतो. चार टायरांचे झाले तीनशेच्या आसपास. मध्यम आकाराच्या एटीव्हीचं वजनही साधारण तीनशे किलोच असतं. म्हणजे पाणी टायरच्या वर चढलं की गाडी जमिनीवर जवळजवळ टेकत नाही. चाकं फिरतात, पकड नाही. हँडल वळतं, गाडी वळत नाही. त्यातून तरंगणारा भाग खाली आणि जड इंजिन व माणूस वर, अशी ही उलटी रचना. जरा प्रवाह किंवा तळाशी एखादा ओंडका असला, तर गाडी कुशीवर जाते आणि माणूस खाली सापडू शकतो. म्हणून जाणते लोक खोल पाण्यात उभे राहून, वजन सरकवत गाडी चालवतात, वाहत्या पाण्यात जात नाहीत आणि एकटे कधीच उतरत नाहीत. स्नॉर्कल हा अचानक लागलेल्या खड्ड्यासाठी आहे. पाण्याची खोली काठीने मोजूनच उतरायचं असतं.

परत आल्यावर खरी मेहनत सुरू होते. गाडी धुवायची, ब्रेक उघडून चिखल काढायचा, प्रत्येक ग्रीस निपलमधून नवं ग्रीस भरून जुनं पाण्यासकट बाहेर ढकलायचं, सगळ्या तेलांचा रंग पाहायचा. हे करायची तयारी नसेल तर खोल पाण्याचा नाद करू नये.

जमिनीचंही ऐकलं पाहिजे. फ्लोरिडातल्या बिग सायप्रस या राखीव दलदलीत गाड्यांनी वाटेल तिथून जाऊन वीस हजार मैलांहून जास्त वाटा पाडल्या होत्या. २००० साली तिथे नियोजन आलं आणि मुख्य वाटांना ४०० मैलांची मर्यादा घातली गेली. हौशी लोकांनी त्यावर मोठा आरडाओरडा केला. मला तो निर्णय योग्य वाटतो. दलदलीचा मऊ थर एकदा चाकाखाली चिरला की पाण्याची वाटच बदलते. खासगी जमिनीवर आखलेले चिखलाचे पार्क आहेत, तिथे मनसोक्त राड करावी. जिवंत ओढ्याच्या पात्रात गाडी घालू नये.

आपल्याकडे या विद्येचं सगळ्यात जवळचं रूप गोव्यात दिसतं. २०१४ पासून तिथे ऐन पावसात ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’ ही फोर बाय फोर गाड्यांची स्पर्धा होऊ लागली. तिथल्या जिप्सी आणि थारही छतापर्यंत स्नॉर्कल चढवून, ब्रीदरच्या नळ्या वर नेऊनच पाण्यात उतरतात.

पण स्पर्धेत न उतरणाऱ्यांशीही या ५५ मिलिलिटरचा संबंध आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईच्या रस्त्यांवर पाण्यात बंद पडलेल्या गाड्यांची गणती नव्हती. अशा वेळी पहिल्यांदा इंजिन बंद पडतं तेव्हा ते अनेकदा शाबूत असतं. वाकतं ते नंतर, घाबरून पुन्हा पुन्हा सेल्फ मारल्यावर. नेहमीच्या मोटार विम्यात असं नुकसान बहुधा धरत नाहीत. इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं. तेव्हा येत्या पावसात गाडी पाण्यात बंद पडली, तर कृपा करून सेल्फ मारू नका. न्यूट्रल करा, ढकलत किंवा टो करून कोरड्या जागी आणा, आणि मेकॅनिकला सांगा की आधी प्लग काढ, डिझेल असेल तर इंजेक्टर काढ, मग हलक्या हाताने इंजिन फिरवून आतलं पाणी बाहेर पडू दे. तेल आणि एअर फिल्टर बदलल्याशिवाय गाडी चालू करू देऊ नका.