आर्ची नावाचा गायक कधीच नव्हता

१९६९-७० च्या सुमारास अमेरिकेत नाश्त्याच्या सीरियलचा खोका रिकामा झाला तरी मुलं तो टाकू देत नसत. पोस्ट कंपनीच्या काही खोक्यांच्या पाठीवर चक्क एक तबकडी असायची. पुठ्ठ्यावर प्लास्टिकचा पातळ थर आणि त्यात बारीक खाचा. कात्रीनं गोल कापून घ्यायची, रेकॉर्ड प्लेअरवर ठेवायची आणि वर सुई टेकवायची. खरखर असायची, पण गाणं वाजायचं. गाणारा बँड होता ‘द आर्चीज’. आर्ची गिटारवर, रेजी बासवर, जगहेड ड्रमवर, व्हेरोनिका ऑर्गनवर आणि बेटीच्या हातात खंजिरी. पाचही जण कागदावर काढलेले.

आपल्याकडच्या सर्क्युलेटिंग लायब्रऱ्यांनी ज्या पिढीला आर्ची कॉमिक्स पुरवली, तिला ही मंडळी अनोळखी नाहीत. आर्ची पहिल्यांदा छापून आला तो १९४१ च्या शेवटी. या चित्रांच्या नावावर निघालेलं ‘शुगर, शुगर’ हे गाणं १९६९ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात बिलबोर्डच्या यादीत चार आठवडे पहिलं होतं आणि ब्रिटनमध्ये आठ आठवडे. रोलिंग स्टोन्सच्या गाण्याला त्यानं पहिल्या जागेवरून खाली ओढलं. वूडस्टॉकच्या चिखलात लाखो तरुण जमले त्याच वर्षातलं, बिलबोर्डच्या वार्षिक हिशेबानुसार, अमेरिकेतलं सर्वांत मोठं गाणं एका कार्टूनचं होतं. रॉकच्या इतिहासकारांना हे आजही जरा खुपतं. मला मात्र यात लाजण्यासारखं काही दिसत नाही. गाणं उत्तम बांधलेलं आहे.

या सगळ्यामागे डॉन कर्शनर होता. न्यूयॉर्कचा संगीत प्रकाशक. स्वतः वाद्य वाजवण्यासाठी नव्हे, तर गाणं चालेल की नाही हे ओळखणाऱ्या कानासाठी प्रसिद्ध. त्याच्या पदरी जोडीजोडीनं गाणी लिहिणारी तरुण मंडळी असत. १९६६ मध्ये ‘द मंकीज’ ही टीव्ही मालिका आली, तेव्हा तिच्या संगीताची सूत्रं त्याच्याकडे गेली. जाहिरात देऊन, चारशेहून अधिक उमेदवारांतून चार पोरं निवडली होती. ती पडद्यावर बँड असल्याचं नाटक करत. गायला त्यांना देत, पण तबकडीवर वाजवायला बहुतेक भाडोत्री वादक. तबकड्या धडाधड खपल्या आणि मग पोरांनाच वाटू लागलं की आपण खरोखरचा बँड आहोत, आपणच वाजवणार. मायकेल नेस्मिथनं भांडणाच्या भरात हॉटेलच्या भिंतीत बुक्का घातला, ही गोष्ट त्या व्यवसायात अजून सांगतात. १९६७ च्या सुरुवातीला कर्शनरला नारळ मिळाला.

त्यानं यातून काढलेला निष्कर्ष व्यापारी म्हणून बिनतोड होता: पुढचा बँड असा हवा, जो भिंतीत बुक्का घालणार नाही. फिल्मेशन कंपनी आर्ची कॉमिक्सवरून कार्टून मालिका काढत होती, ती १९६८ च्या सप्टेंबरात सीबीएस वाहिनीवर सुरू झाली. दर भागात एक गाणं हवं होतं. चित्रं पगारवाढ मागत नाहीत, म्हातारी होत नाहीत आणि मुलाखतीत भलतंसलतं बोलत नाहीत.

तेव्हा या संगीताला ‘बबलगम’ म्हणायला लागले होते. गिऱ्हाईक आठ ते बारा वर्षांचं, ताल टाळ्यांसारखा, शब्द खाऊचे. जेरी कॅसेनेट्झ आणि जेफ कॅट्झ या निर्मात्यांनी बुद्धा रेकॉर्ड्ससाठी त्याचा कारखानाच काढला होता. त्यांच्या ‘ओहायो एक्सप्रेस’ची १९६८ ची गाजलेली तबकडी जोई लेव्हिननं गायली, गावोगाव कार्यक्रम करणारी ओहायो एक्सप्रेस वेगळीच मंडळी होती.

आता खुद्द गाणं. लिहिलं जेफ बॅरी आणि अँडी किम यांनी, निर्माता बॅरीच. न्यूयॉर्कच्या स्टुडिओत गॅरी चेस्टर ड्रमवर, चक रेनी बासवर आणि रॉन फ्रान्जिपेन कळफलकांवर. सगळे दिवसाला दोन-तीन ठिकाणी वाजवून घरी जाणारे पेशेवर. आर्चीचा आवाज रॉन डान्टेचा, वय चोवीसच्या आसपास. बेटी आणि व्हेरोनिका, ज्या कॉमिकमध्ये एकाच मुलासाठी झुरतात, त्या दोघींचा आवाज मात्र एकच: टोनी वाइनचा. ‘अ ग्रूव्ही काइंड ऑफ लव्ह’ची ती सहलेखिका. आधी ताल आणि वाद्यं टेपच्या वेगवेगळ्या पट्ट्यांवर घ्यायची, मग डान्टे हेडफोन लावून मुख्य ओळ गाणार, मग तीच ओळ स्वतःवरच पुन्हा गाणार, मग वरची पट्टी, मग खालची. एका गळ्याचा जथा होतो तो असा. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. श्वास कुठे घेतला, शेवटचं व्यंजन कुठे सोडलं हे दर वेळी तंतोतंत जुळवावं लागतं, नाहीतर घोळका ऐकू येतो. डान्टे यात इतका पटाईत होता की त्याच सुमारास ‘द कफ लिंक्स’ या दुसऱ्या नावानं त्यानं सगळे आवाज एकट्यानं गायले आणि ‘ट्रेसी’ हे गाणंही पहिल्या दहांत पोचलं. एकाच वेळी दोन बँड, दोन्ही यादीत, आणि रस्त्यावर त्याला ओळखणारं कोणी नाही.

रेडिओवाल्यांना कार्टूनचं गाणं लावायची लाज वाटे. सॅन फ्रान्सिस्कोत तबकडी पोचवणाऱ्यानं म्हणे त्यावरचं लेबल खरवडून काढलं आणि ‘आधी ऐका, नाव नंतर सांगतो’ म्हणाला. लावली, आणि लोकांचे फोन सुरू झाले.

आपल्या वाचकाला या प्रकरणातलं ‘फसवणूक’ हे कलम चटकन पटणार नाही. ओठ एकाचे आणि गळा दुसऱ्याचा, यावर तर आपला सिनेमा उभा आहे. फरक कामाच्या पद्धतीत होता. साठच्या दशकात मुंबईत महबूब किंवा फेमस स्टुडिओत गायक, कोरस आणि पन्नास-साठ वादक एकाच वेळी उभे राहून गाणं रेकॉर्ड करत. शेवटच्या कडव्यात एखादं व्हायोलिन चुकलं की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. आणि खरा झगडा होता तो नावाचा. १९४९ च्या ‘महल’च्या तबकडीवर लता मंगेशकर नव्हे, ‘कामिनी’ असं पात्राचं नाव छापलं होतं. गाणारी कोण, अशी श्रोत्यांची विचारणा रेडिओकडे येऊ लागली तेव्हा कुठे खरं नाव पुढे आलं. पुढे फिल्मफेअरनं पार्श्वगायनासाठी बक्षीस ठेवावं म्हणून लताबाईच अडून बसल्या आणि १९५९ पासून ते सुरू झालं. कर्शनरला चित्रांकडून असला त्रास कधीच झाला नसता.

खाऊच्या शब्दांचं म्हणाल, तर चॉकलेटचा बंगला आपण मराठीतही बांधलाच की. राजा मंगळवेढेकरांचे शब्द, मीना खडीकरांची चाल. त्यांच्याच चालीतलं पाडगांवकरांचं ‘सांग सांग भोलानाथ’ गायलं ते मीनाताईंच्या मुलांनी, योगेश आणि रचनानं, आणि श्रीनिवास खळ्यांच्या लेकीनं, शमानं. मोठ्यानं लहान मुलाचा आवाज काढायचा नाही, लहानांनाच गाऊ द्यायचं, हा मीनाताईंचा निर्णय मला कर्शनरच्या सगळ्या हुशारीपेक्षा धाडसाचा वाटतो. आणि रेडिओवर निवेदक तिन्ही मुलांची नावं घेत.

उलटा प्रकारही आपल्याकडे झाला. यवतमाळ, वणी, पुसदच्या गणेशोत्सवात ऑर्केस्ट्रा यायचा तेव्हा स्टेजवरचा गायक हाडामांसाचा, समोर घामाघूम उभा. पण पुकारा व्हायचा ‘व्हॉइस ऑफ मुकेश’, ‘व्हॉइस ऑफ किशोर’ असा. त्याचं स्वतःचं नाव मंडळाच्या कार्यकर्त्यांनाही धड ठाऊक नसायचं.

आर्चीजचा बहर फार टिकला नाही. १९६९ च्या अखेरचं ‘जिंगल जँगल’ पहिल्या दहांत गेलं, त्यानंतर उतार लागला. टोनी वाइन १९७० मध्ये बाहेर पडली. तिच्या जागी डोना मरी आली, मग मर्ल मिलर. टीव्हीवर बेटी-व्हेरोनिकाच्या चेहऱ्यांत तसूभर फरक पडला नाही. त्याच वर्षी विल्सन पिकेटनं ‘शुगर, शुगर’ आपल्या खरखरीत सोल गळ्यातून गाऊन दाखवलं आणि गाण्यात दम होता हे नाक मुरडणाऱ्यांनाही मान्य करावं लागलं.

डान्टे पुढे बॅरी मॅनिलोच्या तबकड्यांचा निर्माता झाला. ‘रॉन डान्टे’ हेही त्याचं जन्मनाव नव्हे. घरचा तो कार्माइन ग्रॅनिटो. २०१८ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, तो साठच्या दशकातल्या बँडच्या एका फिरत्या कार्यक्रमात दाखल झाला. ‘द टर्टल्स’च्या हॉवर्ड केलनला प्रकृतीमुळे दौरे झेपेनात, म्हणून त्याच्या जागी. आता चेहरा उघड होता, पण टर्टल्सची गाणी गाताना तो केलनच्या ओळी गायचा. मधे कधीतरी त्याचं आपलं गाणं येई, आणि प्रेक्षकांना ते आर्चीचं म्हणून पाठ असे.